भरडाईनं तारलं : आमच्या डाळ गिरणीची वाटचाल

आमच्या गिरणीवर पहिली दोन वर्षं पाटी नव्हती. दारव्हा तालुक्यातलं लहानसं गाव, तिथे पाटी लावायची कोणासाठी? मशीनचा आवाज आला की लोक समजायचे, आज लाईन आहे, आणि पोतं घेऊन निघायचे. आज पाटी आहे, छापील पाकिटं आहेत, यवतमाळ, अमरावती आणि नागपूर मिळून पस्तीसेक दुकानांत आमची तूरडाळ जाते. बचत गटाच्या मेळाव्यात बाया हटकून विचारतात, "ताई, एवढ्या लवकर कसं वाढवलं?" माइकसमोर पाच मिनिटांत काय सांगणार? शिवाय त्याच नादात दुसऱ्या वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो, हे तिथे कोणाला ऐकायचं नसतं. म्हणून सगळं इथे लिहितेय.

सासूबाईंच्या जात्यापासून सुरुवात झाली असं लिहिलं तर छान वाटेल, पण आमची सुरुवात रागातून झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात घरची तूर ५२ रुपये किलोनं अडतीवर घातली आणि आठ दिवसांनी पाहुणे आले म्हणून बाजारातून डाळ आणली ८५ नं. यांनी पुडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मधले तेहतीस रुपये गेले कोठी?" त्या तेहतीस रुपयांच्या मागे आम्ही लागलो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान डाळ मिल तयार केलेली आहे, हे कृषी सहायकाकडून ऐकलं होतं. अकोल्याला जाऊन ती चालताना पाहिली. मुद्रा कर्जात किशोर गटाची मर्यादा पाच लाख. आम्ही साडेतीन उचललं. टिनाचं शेड घरच्या पैशातून उभं केलं. डिसेंबरात मशीन बसली आणि जानेवारीत नवी तूर आली.

मशीन घेतली म्हणजे डाळ होत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारखं चिकटून असतं. आधी तूर चाळायची, दाण्यांच्या आकाराप्रमाणे वेगळी करायची, मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडी थराच्या, रोलरमधून एक हात काढायची म्हणजे टरफलावर ओरखडे पडतात. मग क्विंटलला पाव-अर्धा किलो तेल चोळायचं, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायचं, पाण्याचा हबका मारून पुन्हा वाळवायचं आणि मगच फोडायचं. ऊन कमी पडलं की टरफल सुटत नाही, जास्त झालं की दाण्याचा चुरा होतो. बाजारात ज्या डाळीला फटका म्हणतात, कडा न झिजलेली, अखंड, ती पडायला आम्हाला दीड महिना लागला. तोवर निघालेला खंडा, म्हणजे तुटकी डाळ, घरात आणि शेजारी इतका खपला, की पोरगी म्हणायची, "आई, आज तरी वरण नको."

पहिल्या हंगामात आम्ही मुख्यतः भरडाई केली. कास्तकारानं आपली तूर आणायची, आम्ही भरडून द्यायची, किलोमागे मजुरी घ्यायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. धान्य आणि डाळ जीवनावश्यक, त्यामुळे गिरणी चालू ठेवता आली, आणि शहरातून गावी आलेल्या लोकांमुळे घरोघरी खाणारी तोंडं वाढली. एकशे नव्वद क्विंटल भरडाई झाली, स्वतःची खरेदी जेमतेम चाळीस. पैसा थोडा होता, पण रोज संध्याकाळी डब्यात असायचा. त्या डब्याची किंमत तेव्हा कळली नाही.

दुसऱ्या वर्षी हवा डोक्यात गेली. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्यानं डाळ पाहिली, हातावर घासली, दाताखाली फोडली आणि म्हणाला, "जितकी होईल तितकी पाठवा." आम्ही सोनं तारण ठेवलं आणि दोनशे साठ क्विंटल तूर घेतली. भरडाईवाल्यांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात या." बरेचजण पुढच्या महिन्यातच काय, त्या हंगामात आलेच नाहीत.

आता ते तेहतीस रुपये सांगते, कारण डाळीचा धंदा करू पाहणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा. आमच्यासारख्या लहान मशीनवर एक क्विंटल तुरीतून ७० ते ७२ किलो डाळ पडते. बाकी चुनी म्हणजे डाळीचा बारीक चुरा, खंडा, टरफल, आणि थोडी घट. म्हणजे ५२ ची तूर डाळ होताच ७२ च्या घरात जाते. तेहतीसमधले वीस तिथेच उडाले. २०२१ मध्ये आमची तूर हमालीसकट ६,२०० ला पडली. ७२ किलो डाळ ठोकमध्ये ९२ नं म्हणजे ६,६२४, चुनी-खंड्याचे पावणेचारशे, एकूण सात हजाराच्या आसपास. वीज, मजुरी, तेल, बारदाना यांचे साडेचारशे काढले की क्विंटलमागे उरतात साडेतीनशे. डाळ लगेच विकली आणि पैसे लगेच आले तर. व्यापाऱ्यानं पैसे चार महिने लांबवले तर महिना शेकडा एकच्या व्याजानं अडीचशे तिथेच गेले. उरलेल्या शंभरात गाडीचं एक टायर फुटलं की संपलं.

आमच्या व्यापाऱ्यानं चार नाही, सात महिने लांबवले. फोन केला की "पुढच्या सोमवारी". आम्ही जितकी जास्त डाळ पाठवत होतो तितका आमचा पैसा त्याच्या गोदामात जाऊन बसत होता, आणि वहीत मात्र विक्री कैक पट दिसत होती. बँकेत ती वही दाखवली की साहेब खूश, आणि घरी किराणा उधारीवर.

त्यातच होळीच्या आधीची एक रात्र. अंगणात चौदा क्विंटल तूर तेल लावून पसरलेली, आभाळ स्वच्छ. अडीचच्या सुमारास टिनावर टपटप झालं. आम्ही दोघं, सासूबाई आणि शेजारचे दोन पोट्टे ताडपत्र्या ओढत होतो, पण वाऱ्यानं एक कोपरा उचलला तो हातात येईचना. सकाळी ढिगात हात घातला तर आत कोमट लागलं आणि आंबूस वास आला. सासूबाईंनी चार दाणे चावून बघितले, थुंकले आणि म्हणाल्या, "हे ढोराईले." चौदातले अकरा क्विंटल ढोरांनाच गेले. पुढच्या वर्षी वाळवणासाठी पारदर्शक पत्र्याचं शेड बांधलं, ते या एका वाक्यामुळे.

वेगानं वाढताना कागदं मागे पडतात, हे दुसरं दुखणं. अन्न सुरक्षा कायद्याची साधी नोंदणी वार्षिक बारा लाखांच्या उलाढालीपर्यंत चालायची, त्यापुढे राज्याचा परवाना. आमची उलाढाल त्या वर्षी बारावर गेली, पण आमच्या ते लक्षातच आलं नाही. नव्या परवान्याचा चौदा आकडी नंबर वेगळा, आणि जुन्या नंबराची पाच हजार पाकिटं छापून घरात पडलेली. दोन्ही पोरी, जाऊबाई आणि मी, तीन रात्री नव्या नंबराचे स्टिकर चिकटवत बसलो. मग १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी आला, तोही पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटावर. म्हणून गावातला किराणावाला तीस किलोची गोणी मागतो आणि शहरवाला एक किलोचं पाकीट. एकाच डाळीचे दोन हिशेब आम्ही आजही ठेवतो.

सुधारणा केली ती साधीच. २०२२ च्या हंगामात भरडाईसाठी आठवड्यातले तीन दिवस बांधून टाकले: सोमवार, बुधवार, शनिवार. शहरातली कितीही मोठी ऑर्डर असो, त्या दिवशी मशीनवर कास्तकाराची तूर. मशीनचं वीजबिल, मजुरी आणि कर्जाचा हप्ता या तीन दिवसांत निघाला पाहिजे, हे ठरवलं. मग स्वतःच्या खरेदीत नफा कमी-जास्त झाला तरी झोप लागते. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी लहान दुकानं धरली, प्रत्येकाला दोन क्विंटलच्या वर उधारी नाही. एक दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुम्ही बँकेपेक्षा कडक झाल्या." मी म्हटलं, बँकेनंच शिकवलं.

त्याच वर्षी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून दुसरं मशीन आणि प्रतवारी करणारा ग्रेडर घेतला. ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. अनेकांना वाटतं पैसे हातात येतात. ते कर्जखात्याशी बांधलेले असतात, खातं तीन वर्षं नीट ठेवलं तरच वळते होतात. अनुदान धरून घरखर्चाचा बेत करू नका.

एका दुकानदाराकडे अडकलेली त्या वर्षीची बाकी मार्च २०२४ मध्ये अचानक आली. आम्हाला नवल वाटलं, तर आमचे सीए हसले. लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, न दिल्यास ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, असा आयकराचा नियम तेव्हा लागू झाला होता. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, होती, म्हणून आम्ही त्यात बसलो. दुसऱ्या एका दुकानदारानं मात्र त्यानंतर "नोंदणी नसलेल्यांकडून घेतो" म्हणून आमची डाळ बंद केली. दोन्ही बाजूंनी धार आहे.

त्याच उन्हाळ्यात तूर अकरा-बारा हजारांवर गेली. सगळे म्हणत होते, अजून चढेल, भरून ठेवा. आम्हीही चाळीस क्विंटल दहा हजारांनी घेऊन ठेवले, खोटं कशाला सांगू. २०२५ च्या सुरुवातीला बाजार ७,५५० च्या हमीभावाच्याही खाली आला. तो फटका आम्ही सोसला, कारण चाळीसच होते. चारशे असते तर हे लिहायला बसले नसते.

आता गिरणीत पाच बाया आणि दोन पोरं कामाला आहेत. विक्री पहिल्या वर्षाच्या मानानं कितीतरी पटीनं वाढली, पण पहिली मशीन अजून तीच, भरडाईची. गेल्या शनिवारी वरच्या गावची एक आजी एसटीनं वीस किलो तूर घेऊन आली. मी म्हटलं, "आजी, ठेवून जा, परवा घेऊन जाजा." ती म्हणे, "नाही माय, माह्या तुरीत दुसऱ्याची मिसळते." चार तास ओट्यावर बसून राहिली. भरडून झालं तेव्हा डाळ ओंजळीत घेऊन पाहिली, पिशवीची गाठ मारली आणि मशीनखाली बोट दाखवून म्हणाली, "चुनीही दे वो. घरी गाय हाये."