तुम्ही विचारलंत म्हणून: वर्ध्याचे शेठजी लोकसभेत कसे गेले?

मी मूळचा वर्ध्याचा आहे हे कळले की पुण्यातले परिचित हटकून विचारतात, की कापूस पिकवणाऱ्या तुमच्या जिल्ह्याने कमलनयन बजाज या मारवाडी कारखानदाराला १९५७, १९६२ आणि १९६७ असे सलग तीनदा लोकसभेवर कसे पाठवले? शेठजींनी थैली सैल सोडली असेल, हा प्रश्नामागचा तर्कही मला ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर कमलनयन यांच्यापेक्षा त्यांच्या वडिलांपासून सुरू करावे लागते. सीकरजवळच्या खेड्यात १८८९ साली जन्मलेले जमनालाल लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले आणि पेढीचे वारस झाले. विदर्भातल्या कुणब्याला मारवाडी म्हटले की आधी सावकाराची वही आठवत असे. पण या सावकाराच्या वारसाने रायबहादूर ही पदवी परत केली, १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, आणि आधी विनोबांना, पुढे गांधीजींना वर्ध्यात आणून वसवले. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा लोकांच्या मनात त्या घराची मोठी पत जमा झाली होती. १९५२ मध्ये वर्ध्याची जागा जिंकणारे श्रीमन्नारायण अग्रवाल हेही जमनालालांचे जावईच होते.

त्यात काळही अनुकूल होता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली, पण विदर्भात तिचा पाया टिकून राहिला. त्यामुळे पहिला विजय केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या या उद्योगपतीच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा होता, असे मी म्हणणार नाही.

त्यांचे स्वतःचे कर्तृत्व दिसते ते उद्योगात. १९५४ पासून समूहाची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेऊन त्यांनी साखर आणि पोलाद यांच्या जोडीला स्कूटर, तीनचाकी, विजेची उपकरणे अशी कामे वाढवली. येथे मला एक गोष्ट खटकते, आणि वर्धेकर म्हणून ती लपवणे बरे नाही. दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना बजाजांना १९५९ मध्ये मिळाला, तेव्हा समूहप्रमुख स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. त्यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. पण ज्या राज्यात प्रत्येक यंत्रासाठी दिल्लीची मोहोर लागत होती, तेथे एकाच माणसाने दोन्ही बाजूंना असणे कितपत योग्य होते, हा प्रश्न त्या थैलीच्या तर्कापेक्षा अधिक विचारण्याजोगा आहे.

मात्र १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा, उद्योगपतीने सत्तेच्या बाजूला राहणे सोयीचे असूनही, ते इंदिरा गांधींसोबत न जाता संघटना काँग्रेसमध्ये राहिले. माझ्या मते खासदार म्हणून त्यांची खरी परीक्षा तीच होती, आणि ती वडिलांच्या पुण्याईवर उत्तीर्ण होण्यासारखी नव्हती. १९७१ मध्ये वर्ध्याने इंदिरा गांधींच्या पक्षाचा खासदार निवडला. पुढच्याच वर्षी, १ मे १९७२ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कमलनयन वारले.

त्यांचे पुत्र राहुल बजाज २००६ मध्ये महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. त्यांना मते दिली ती आमदारांनी. वर्ध्याच्या बाजारात हात जोडून फिरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.