कोलंबिया, मिझुरी: पाचव्या डाऊनचं गाव

सेंट लुईसहून कॅन्सस सिटीला जाताना आय-७० हायवेवर साधारण निम्म्या वाटेवर कोलंबिया लागतं. भाचा तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकतो म्हणून थांबलो, नाहीतर आपण कशाला जातोय तिकडे. कॅम्पस मात्र छानच. १८९२ ला मुख्य इमारत जळाली, तिचे सहा खांब तेवढे उरले, ते अजून हिरवळीवर तसेच उभे आहेत, सगळे तिथेच फोटो काढतात, आम्हीपण काढले.

मग फरो फील्ड, म्हणजे युनिव्हर्सिटीचं फुटबॉल मैदान. मॅच नव्हती, बाहेरूनच बघितलं, पण भाच्याने गेटपाशीच लेक्चर सुरू केलं, मावशी, इथे १९९० ला काय झालं माहितीये का!

तर अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. गोल जवळ असेल तर त्याच चारांत आत घुसायचं, एवढं कळलं तरी बास. ६ ऑक्टोबरला इथे मिझुरी विरुद्ध कोलोराडो अशी युनिव्हर्सिटी टीम्सची मॅच होती. मिझुरी ३१-२७ ने पुढे, शेवटची काही सेकंदं, बॉल कोलोराडोकडे आणि गोलची रेषा तीन यार्डांवर. पहिल्या डाऊनला कोलोराडोच्या जॉन्सनने घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटला, दुसऱ्याला त्यांचाच बिएनेमी घुसायला गेला, अडवला, कोलोराडोने टाइमआउट घेतला आणि कडेच्या पाटीवरचा डाऊनचा आकडा बदलायचाच राहिला!! म्हणजे तिसरा झाला तो पाटीवर दुसरा, चौथ्याला परत बॉल आपटला, इथे खरं तर खेळ खल्लास. पण पाटीवर तिसरा, म्हणून अजून एक चान्स मिळाला, जॉन्सन रेषेवर आडवा पडला आणि पंचांनी टचडाऊन, म्हणजे बॉल रेषेपलीकडे नेल्याचे पॉइंट, दिला. तो तरी रेषेपलीकडे पोचला का, यावर इथले लोक अजून भांडतात. ३३-३१, कोलोराडो जिंकलं.

मैदानात सात पंच, आणि चारपर्यंत मोजता येईना! पंचांना सस्पेंड केलं पण निकाल तसाच राहिला, आणि कोलोराडो त्या सीझनला एपी या वृत्तसंस्थेच्या कॉलेज टीम्सच्या यादीत देशात पहिला आला.

कोलोराडोवाले म्हणतात, पाटीवर चौथा दिसला असता तर आम्ही बॉल आपटलाच नसता. हे मला पटतं, खेळणारा पाटीच बघणार ना. पण त्यांचा कोच मॅकार्टनी स्वतः मिझुरीत शिकलेला, इथेच खेळलेला, आणि मॅच परत द्याल का विचारलं तर मैदान किती निसरडं होतं ते सांगत बसला. हे काही पटलं नाही बुवा. १९४० मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटी डार्टमथ कॉलेजविरुद्ध अशाच पाचव्या डाऊनवर ७-३ जिंकलं होतं, फिल्म बघितल्यावर चूक कळली तर त्यांनी सरळ तार करून मॅच देऊन टाकली, ३-० डार्टमथ. म्हणजे देता येत होती की!

भाच्याला हे कॉर्नेलचं माहीत नव्हतं, पिझ्झा येईपर्यंत तो फोनवर तेच वाचत बसला.