मोठीआईचा पगार कुठे अडकला होता

सरकारी योजनेचे पैसे आले नाहीत म्हणून बँकेत गेलात तर "आधार लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, सीडिंग काय ते पुढे सांगते). हे एक वाक्य मला कोणी एप्रिल महिन्यात सांगितलं असतं, तर सदुसष्ट वर्षांच्या बाईला अख्खा उन्हाळा एसटीचे हेलपाटे पडले नसते. म्हणून ते सगळ्यात वर लिहितेय. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्याबाबांची बायको. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, सगळं कोरडवाहू, कपाशी आणि तूर. २०२४च्या पोळ्याच्या आठ दिवस आधी मोठेबाबा गेले. त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये यायचे. आमच्याकडे याला अनुदान कोणी म्हणत नाही, पगार म्हणतात. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मोठीआईनं मला विचारलं, "त्याइचा पगार आता मले भेटन काय वं?"

भेटत नाही. ज्याच्या नावाचा असतो त्याच्यासोबत तो बंद होतो, बायकोला स्वतःचा नवीन अर्ज करावा लागतो. वय ६५ पूर्ण असेल तर श्रावणबाळ. ६५च्या आतली विधवा, अपंग, टाकलेली बाई असेल तर संजय गांधी निराधार. दोन्ही अर्ज तहसीलच्या एकाच टेबलावर जातात. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. शिवाय १५ वर्षांपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचा हंगाम बरा गेला तर ती या आकड्याच्या वर जाते आणि कागदावर 'गरीब' राहत नाही. पगारच वर्षाचा १८,००० आहे. ही मर्यादा वाढली पाहिजे, आणि हे मी प्रत्येक सभेत म्हणते, ग्रामसभेत सुद्धा म्हटलं आहे.

दाखले, फोटो, सेतूवर अर्ज, हे सगळं दिवाळीनंतर पंधरा दिवसांत उरकलं. तलाठी भाऊ चांगले होते, कोतवालानं घरी येऊन सही घेतली. मंजुरीला वेळ लागला, पण मार्चमध्ये यादी लागली आणि त्यात मोठीआईचं नाव होतं. तिला मी मोबाइलवर नाव दाखवलं तेव्हा तिनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे मीच हाव नं?" मला वाटलं, काम झालं.

एप्रिलचे पैसे आले नाहीत. मे महिन्याचेही नाहीत.

आमचं तालुक्याचं गाव अठरा किलोमीटर. बँकही तिथेच. सकाळी साडेनऊची एसटी, परत यायला दुपारी तीनची. मधले सगळे तास उन्हात. पहिल्यांदा आम्ही तहसीलमध्ये गेलो. निराधारच्या टेबलावरच्या माणसानं कॉम्प्युटरवर आधार नंबर टाकला आणि म्हणाला, पैसे गेले आहेत. कोणत्या खात्यात, असं विचारलं तर म्हणाला, "आधारवर." मी पासबुक पुढे केलं. त्यानं पाहिलंही नाही. म्हणाला, "आता आम्ही खात्यावर टाकत नाही, आधारवर जाते. बँकेत विचारा."

बँकेत विचारलं. मशीनमधून पासबुक निघालं, त्यात व्याजाच्या बारा रुपयांशिवाय काही नव्हतं. काउंटरवरचा साहेब म्हणाला, आधार लिंक नसेल. त्यानं झेरॉक्स घेतली, सही घेतली आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का मारला : आधार लिंक. पंधरा दिवस थांबा.

थांबलो. पैसे नाहीत. तहसीलमध्ये गेलो, तेच उत्तर, पैसे गेले. बँकेत गेलो, यावेळी काउंटरवर दुसरा माणूस. त्यानंही झेरॉक्स घेतली आणि शिक्का मारला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सर्व्हर बंद होता. चौथ्यांदा मी चिडून म्हणाले, "साहेब, आधी दोनदा लिंक केलं ना तुम्ही?" त्यानं पासबुक उघडून पाहिलं, म्हणाला, "हो, लिंक आहे की," आणि तिसरा शिक्का मारून दिला. ते पान माझ्याकडे अजून आहे. एकाखाली एक तीन जांभळे शिक्के, तिसरा थोडा तिरपा. तिन्ही खरे आहेत आणि तिन्हींचा आमच्या कामाशी काडीचा संबंध नव्हता.

त्या दिवशी परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. मोठीआई दांड्याला धरून उभी होती. म्हणाली, "जाऊ दे वं माय, नाई आले तं नाई आले. तुया शिलाईचं काम पडून राह्यते." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. जाणं-येणं, झेरॉक्स, मधे एक चहा धरून प्रत्येक फेरीला दीड-दोनशे जायचे. १,५०० च्या पगारासाठी.

एक आठवलं म्हणून इथेच सांगते. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या माणसाला अर्धं तिकीट असतं, ७५ नंतर पूर्ण फुकट. बायकांना तसंही अर्धं आहे. आधार कार्ड जवळ ठेवा.

कोडं सुटलं ते गावात, तालुक्यात नाही. आमच्या गावातले डाकवाले भाऊ पोस्टाच्या बँकेची मशीन घेऊन फिरतात. मी त्यांना म्हटलं, मोठीआईचं नवीन खातं उघडून द्या, जुन्याचा नाद सोडला. त्यांनी मशीन काढली, तिचा अंगठा ठेवला. लागला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, दोन्ही हात. एकही नाही. मग ते ओट्यावर बसले आणि सगळं नीट विचारलं. ऐकून म्हणाले, "ताई, लिंक आन् सीडिंग वेगळं असते. तुमी बँकेत चुकीचा शब्द सांगून राहिल्या."

त्यांनी समजावलं ते असं. एका माणसाची तीन बँकांत खाती असू शकतात आणि तिन्हींना आधार जोडलेलं असू शकतं. ते झालं लिंक. पण सरकार आधार नंबरावर पैसे पाठवतं तेव्हा ते एकाच बँकेत जातात. कोणत्या, ते एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या नोंदीत असतं. त्या नोंदीत शेवटची जी बँक चढली, तिथेच पैसा जाणार. ती नोंद म्हणजे सीडिंग. तुमच्या बँकेनं शंभर शिक्के मारले तरी नोंद दुसऱ्या बँकेची असेल तर पैसे दुसरीकडे जात राहतात. तहसीलवाला खोटं बोलत नव्हता. बँकवालाही खोटं बोलत नव्हता. पण समोरच्या म्हातारीला दोन वाक्यं जास्त बोलून सांगावं, एवढं दोघांनाही सुचलं नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मी मोठीआईला विचारलं, दुसरं खातं कुठे काढलं होतं का? नाही म्हणाली. मग संध्याकाळी भाकरी थापता थापता तिला आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी बुधवारच्या बाजारात छत्रीखाली बसलेल्या एका पोरानं फुकटात सिम दिलं होतं. दोनदा अंगठा घेतला होता. एक सिमचा. दुसरा कशाचा, ते त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

खात्री करायला आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. त्याला ओटीपी लागतो. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर मोठ्याबाबांचा, आणि ते गेल्यावर सिम बंद पडलेलं. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर बदलायचा, त्याचे तेव्हा ५० रुपये घेतले, पावतीवर तेवढेच होते. घरातलं माणूस गेलं की त्याचं सिम लगेच बंद पडू देऊ नका, कोणाकोणाचे कागद त्या नंबरावर आहेत ते आधी बघा. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

केंद्रातही बोटं लागेनात. जून होता, सरकी टोबायचे दिवस. मोठीआईनं हात पुढे केले आणि मी तिच्या बोटांकडे पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. चाळीस-पन्नास हंगाम कापूस वेचलेली बोटं. वाळलेल्या बोंडाची टोकं रुतून रुतून पेरांवर बारीक काळ्या चिरा पडलेल्या, आणि अंगठ्याचं टोक काचेसारखं गुळगुळीत. रेघच उरलेली नाही. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची बोटं अशीच आहेत, आणि सगळ्या मशीन बोटाच्या.

तिथली ऑपरेटर मुलगी शहाणी निघाली. म्हणाली, "आजी, डोळे उघडे ठेवा." डोळ्यांची मशीन लावली, एका झटक्यात झालं. कोणी "बोटं लागत नाहीत" म्हणून परत पाठवलं तर डोळ्यांनी घ्या म्हणा. नंबर माझा लावला. तीन दिवसांनी ओटीपी आला, स्टेटस उघडलं, आणि तिथे भलत्याच बँकेचं नाव. समोर हिरव्या अक्षरात चालू असल्याचं लिहिलेलं.

त्याची प्रिंट काढली. ती प्रिंट घेऊन बँकेत गेले आणि यावेळी काउंटरवर नाही, सरळ मॅनेजरच्या टेबलापाशी उभी राहिले. म्हटलं, डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे, या बँकेतून तुमच्याकडे वळवायचं आहे. त्यांनी प्रिंट पाहिली आणि ड्रॉवरमधून एक वेगळाच फॉर्म काढला. एका पानाचा. त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा होती. हा फॉर्म त्या ड्रॉवरमध्ये चारही वेळा होता. भरला, मोठीआईचा अंगठा शाईनं घेतला, पोच मागून घेतली. चार दिवसांनी स्टेटसमध्ये आमच्या बँकेचं नाव आलं. दहा मिनिटांचं काम.

मधल्या चार महिन्यांचे ६,००० रुपये त्या सिमवाल्या खात्यात सुरक्षित होते. आधारवर पैसे काढून देणाऱ्या दुकानात गेलो. मोठीआईनं हात धुतले, लुगड्याला कोरडे पुसले, आणि दुकानदारानं एकेक बोट ठेवून पाहिलं. सातव्या वेळी डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका लागली. ते बोट कापसात कमी जातं म्हणून असेल. आता आम्ही कुठेही गेलो की तेच बोट आधी ठेवतो. तुमच्या घरच्या माणसाचं कोणतं बोट लागतं ते एकदा पाहून ठेवा. आणि पैसे काढल्यावर पावती घ्या, मोजून घ्या, शिल्लक विचारा.

आता जे विसरले ते. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, नंतर त्रास वाढतो, आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. पगार सुरू झाला तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर बंद होतो.

घरातला कमावता माणूस ६०च्या आत गेला असेल आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २०,००० मिळतात, तेही तहसीलमधूनच. शेतकऱ्याच्या घरी साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून कोणी गेलं असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत २ लाख आहेत. तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो आणि मुदत फार थोडी असते, म्हणून तेरवीची वाट पाहू नका. शेजारच्या गल्लीत एक विधवा सून दोन लहान मुलं घेऊन राहते. तिला बालसंगोपन योजना माहीतच नव्हती. एका मुलामागे महिन्याला २,२५० मिळतात. या योजनेचं काम जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात असतं, तहसीलमध्ये नाही, आणि तहसीलमध्ये ते कोणी सांगतही नाही. आम्हाला ते अंगणवाडीच्या ताईनं सांगितलं. गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई, उमेदच्या बचत गटाच्या ताई आणि डाकवाले भाऊ, यांना आधी विचारा. म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हा फुकट फोन नंबर आहे, लहान मुलांसाठी १०९८. एजंटला पैसे देऊ नका. आमच्या गावात एकानं अर्जाचे दोन हजार घेतले, आणि त्या आजीचं सीडिंग शेवटी मीच करून आणलं.

ऑगस्टचे पैसे बरोबर खात्यात आले. पासबुकात छापून आणलं. मोठीआईनं ती ओळ मला तीनदा वाचायला लावली, मग त्यातून मोठ्याबाबांच्या वर्षश्राद्धाचा किराणा तिनं स्वतःच्या पैशानं आणला. कोणाला एक रुपया देऊ दिला नाही.

काल तिची जाऊ लागणारी शेजारीण कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मोठीआईच तिला घेऊन आली होती. मी पिशवी उघडायच्या आधीच ती म्हणाली, "बँकीत नोको जाऊ आंधी. आंधी आधारचा मोबाइल कोनाचा हाय ते पाह्य."