स्लरीची व्हिस्कॉसिटी मोजून घेताना : माझा अनुभव

आमच्या साखर कारखान्याच्या बायोगॅस प्लान्टमध्ये प्रेसमडची (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाची) पातळ केलेली स्लरी डायजेस्टरला, म्हणजे गॅस तयार होतो त्या टाकीला जाते. तळाशी गाळ बसायचा, वर जाड थर धरायचा. अजिटेटर (ढवळायचे पंखे) कुठे आणि किती तिरके बसवायचे, ते सीएफडीने, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित मांडून बघायचं ठरलं. त्याचं ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटल्यावर साहेबांची मंजुरी लगेच आली. मॉडेल, मेश वगैरे झालं. अडलं व्हिस्कॉसिटीपाशी, म्हणजे स्लरीच्या घट्टपणाच्या आकड्यापाशी.

पाण्याचे आकडे घातले की टाकी कानाकोपऱ्यापर्यंत ढवळते, पण फक्त स्क्रीनवर! खरी स्लरी पंख्याजवळ सैल पडते आणि लांब गेली की घट्ट होते. पंख्याभोवतीचा गोळा फिरतो, बाकी माल ढिम्म. म्हणून व्हिस्कॉसिटी वेगवेगळ्या शिअर रेटला (स्लरीचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात, त्याला) मोजून घ्यावी लागते.

लॅबच्या फॉर्मवर रकाना होता, ‘नमुना : द्रव / घन’. मी ‘स्लरी’ लिहिलं, तर फॉर्म परत. ‘द्रव’वर खूण केली, तर मॅडम म्हणाल्या, “यात चोथा आहे, गाळून आणा.” अहो, सगळा घट्टपणा त्या चोथ्याचाच! गाळल्यावर मोजायचं काय? शेवटी नमुना ठेवून घेतला आणि मग नुसती वाट. फोन केला की “प्रोसेसमध्ये आहे.” रिपोर्ट आला तो एका ओळीचा. एकच आकडा, तोही २५ अंशांचा. आमचा डायजेस्टर ३८ अंशांवर चालतो. आरपीएम किती, स्पिंडल (नमुन्यात फिरवून मोजायचा दांडा) कोणता, काही नाही. विचारलं तर “आमचा फॉरमॅट असाच आहे.”

तिथल्याच एका तरुण टेक्निशियनने वाचवलं. व्हेन (पात्यांचा) स्पिंडल लावून, ३८ अंशांवर, आरपीएम वाढवत वाढवत त्याने माझ्यासमोर रीडिंग घेतली. तेव्हा अर्जातच लिहून द्या : तापमान, शिअर रेटची रेंज, स्पिंडल, आणि ‘नमुना गाळू नये’. सोबत घनताही मागा. ओपनफोमला कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी लागते, म्हणजे मोजलेल्या व्हिस्कॉसिटीला घनतेने भागणं आलंच.

खरे आकडे घातल्यावर पलीकडच्या भिंतीलगत मोठा पट्टा जवळजवळ थांबलेला दिसला. एक अजिटेटर खाली घेतला, थोडा वळवला. वरचा थर आता पूर्वीसारखा धरत नाही. साहेबांना ते रंगीत चित्र फार आवडलं, हे वेगळं सांगायला नको.

हो, नमुन्याचा कॅन काठोकाठ भरून बूच घट्ट लावू नका. आत गॅस धरतच राहतो, कॅन फुगतो. बर्फात ठेवून आपल्याच गाडीने न्या. फुगलेला कॅन कुरिअरवाला हातात धरत नाही.