पाखरांची यादी आणि वेबसाइटचं सॉफ्टवेअर: माझा अनुभव

मुलगा नववीत आहे, मराठी माध्यमात. गेली दोन वर्षं थंडीत दर रविवारी उजाडायच्या आत तो सायकल काढून भांडुप पंपिंग स्टेशनकडे जातो. ठाण्याच्या खाडीचा तो काठ पाखरं बघणाऱ्यांना चांगला माहीत आहे. पलीकडे पसरलेला खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. तिथून आला की हा वहीत लिहितो: शेकाट्या, कुदळ्या, वंचक, थापट्या, पाणकावळा, किती दिसले, भरती होती की ओहोटी. तिसरी वही भरली त्या दिवशी म्हणाला, "बाबा, मला याची वेबसाइट करायचीय. नावं सगळी मराठीतच पाहिजेत."

मी डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारा. पंचवीसहून जास्त वर्षं लोअर परळ आणि प्रभादेवीच्या प्रेसमध्ये पानं लावली. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो सॉफ्टवेअरचा: कुठलं घ्यायचं आणि कितीला पडेल? महिन्याच्या खर्चात पाचशे रुपयांच्या वर काही बसणारं नव्हतं.

एका सहकाऱ्याने लगेच पेन ड्राइव्ह पुढे केला. "सगळं आहे यात, क्रॅक केलेलं." मी घेतलं नाही. असल्याच एका कॉपीतून आमच्या प्रेसमध्ये व्हायरस शिरला होता आणि ऐन लग्नसराईत दोन दिवस पत्रिकांचं काम बंद पडलं होतं. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलं हत्यार द्यायचं ते चोरीचं, हे मला पटत नव्हतं.

मग दादरच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. तीन महिन्यांचा कोर्स, फी अठरा हजार, आणि शिकवणार ते वर्गणी भरून वापरायच्या एका प्रोग्रॅमवर. कोर्स संपल्यावर काय, असं विचारलं. "मग ते तुम्ही घ्यायचं." म्हणजे मुलगा जे शिकेल ते वापरायला दर महिन्याला पैसे मोजायचे. मी नमस्कार करून खाली उतरलो.

पुढचे दोन आठवडे आम्ही एक वेबसाइट बिल्डर वापरून बघितला. हा प्रकार खरंच सोपा आहे. चौकट उचलायची, हवी तिथे सोडायची, फोटो टाकायचा, झालं पान. मुलगा पहिल्या संध्याकाळीच खूश. फुकट योजनेत पानावर त्यांची जाहिरात राहते आणि पत्त्यातही त्यांचंच नाव, पण ते चालवून घेतलं असतं. वर्गणी मात्र डॉलरमध्ये होती. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरलं की जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा रक्कम बरीच फुगते. असं काही करून बघणार असाल तर चाचणीची मुदत संपायची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. मी लिहिली होती, म्हणून वेळेत बंद करता आलं.

पण माझं मन पैशांमुळे फिरलं नाही. मी त्यांच्या मदत विभागाला एकच गोष्ट विचारली: ही पानं इथून काढून दुसरीकडे नेता येतील का? उत्तर आलं, नाही. मजकूर कॉपी करून घेता येईल.

हे वाचून मला माझं कपाट आठवलं. त्यात सीडींचा गठ्ठा आहे. दिवाळी अंक, स्मरणिका, एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं अख्खं पुस्तक, सगळं मी रात्री जागून लावलेलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते केलं ते केव्हाच बंद झालं. मजकूर कसाबसा बाहेर काढला तरी वाचता येत नाही, कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. फॉन्ट गेला की उरतात नुसती चिन्हं. मी केलेलं काम माझ्याच घरात आहे आणि मलाच उघडता येत नाही. मुलाच्या वह्यांचं असं होऊ द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. पानं फाइल म्हणून आपल्या हातात राहिली पाहिजेत आणि कुठल्याही संगणकावर उघडली पाहिजेत. सॉफ्टवेअर निवडायची माझी अट तेवढीच उरली.

वर्डप्रेस या अटीत बसत होतं. ते वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीतही आहे. पण स्वतःच्या जागेवर चालवायचं तर पीएचपी ही वेबची भाषा आणि डेटाबेस चालवणारं होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवरची जागा, विकत घ्यावं लागतं आणि अपडेट सतत करत राहावे लागतात. एका मुलाच्या पन्नास-साठ पानांसाठी तो पसारा जास्त वाटला.

राहिलं साधं एचटीएमएल आणि सीएसएस: पहिल्यात पानाचा मजकूर मांडायचा, दुसऱ्यात त्याचं रूप ठरवायचं. वेबची सुरुवात करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेलं १९९१ चं पहिलं वेबपान मी मुलाला उघडून दाखवलं. सर्नने ते पुन्हा त्याच्या मूळ पत्त्यावर ठेवलं आहे आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते नीट दिसतं. तो म्हणाला, "हे तर नुसतं लिहिलेलंच आहे." नुसतं लिहिलेलं आहे म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं, असं मी त्याला सांगितलं.

आधी त्याला इंग्रजीची धास्ती होती. पण टॅग, म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा, लागतात मोजके. मी माझ्या भाषेत सांगितले: एच-वन म्हणजे मथळा, एच-टू उपमथळा, पी म्हणजे परिच्छेद. सीएसएस बघून तर मलाच भरून आलं. आम्ही पान लावताना मथळ्याची, मजकुराची, फोटोओळीची स्टाइल एकदाच ठरवतो आणि सगळीकडे लावतो, तेच हे. इतक्या वर्षांचं माझं काम मुलाला शिकवता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यापुढचं तो एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या वेबचं काम शिकवणाऱ्या साइट्सवर शिकतो. दोन्ही फुकट आहेत. अडलेला इंग्रजी शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवतो.

लिहायला सुरुवात केली नोटपॅड प्लस प्लस या साध्या एडिटरमध्ये, महिन्याभराने व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवर गेलो. तेही फुकट. चुकलेला टॅग लगेच लक्षात येतो आणि लाइव्ह सर्व्हर ही जोडणी (एक्स्टेन्शन) घातली की फाइल जतन करताच शेजारी ब्राउझरमधलं पान बदलतं. नवशिक्या मुलासाठी याचा उपयोग फार मोठा आहे. काय केल्याने काय झालं ते तिथल्या तिथे दिसतं.

आमचा लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. व्हीएस कोडला एक जीबी रॅमही पुरते असं त्यांच्या माहितीत आहे, तरी आमचं मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेई. दोष हार्ड डिस्कचा होता. लॅमिंग्टन रोडला जाऊन त्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, अठराशे रुपयांना बसवून घेतली. या सगळ्या प्रकरणात मोठा खर्च हाच, आणि तो मी कुणालाही करायला सांगेन. मशीन रखडलं की मूल कंटाळतं.

मराठीसाठी काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीत जतन करायची आणि तसं पानाच्या वरच्या भागात लिहायचं, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग (lang) या खुणेत एम-आर (mr) लिहायचं. काही फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते या खुणेमुळे उमटतात. मजकुरासाठी आम्ही गूगल फॉन्ट्सवरचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट घेतला, आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला. मथळ्यांना तिरो देवनागरी मराठी. दोन्हींना एक पैसा लागला नाही. मुलाने मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. मी ते बघून अक्षरशः खुर्चीतून उठलो. देवनागरीत लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांतल्या अंतराला, हात लावू नये. मोठं दाखवायचं तर अक्षर मोठं करावं. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा सैल ठेवावं, आम्ही अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवलं. वरच्या मात्रा आणि खालचे उकार मग एकमेकांत घुसत नाहीत.

मामाने दिलेल्या कॅमेऱ्यातले फोटो पाच-सहा एमबीचे. ते स्क्वूश या फोटो हलके करणाऱ्या साइटवर टाकून रुंदी १२०० पिक्सेल केली की दोनशे केबीच्या आसपास येतात आणि मोबाइलवर पान पटकन उघडतं.

वेबसाइट ठेवली गिटहब पेजेसवर, म्हणजे आपल्या फाइलींची वेबसाइट दाखवणाऱ्या सेवेवर. खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, ती होती. जागा एक जीबीपर्यंत मिळते. पहिल्या दिवशी घरी दिसणारे निम्मे फोटो तिथे दिसेनात. दोन संध्याकाळी आम्ही कोड शोधत बसलो. शेवटी कळलं की फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या लिपीत होतं आणि पानात लहान लिपीत लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखेच, त्या सर्व्हरला नाहीत. तेव्हापासून सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

फुकट खात्यावर पेजेस चालवायचं तर सगळ्या फाइल जगाला उघड्या असतात. म्हणून मोबाइलने काढलेल्या फोटोंमधली जागेची नोंद आधी पुसायची, आणि शाळेचं नाव, घराचा पत्ता कुठेच लिहायचा नाही, हे बायकोने बजावलं आणि तिचं बरोबर होतं. एक नियम मुलाने स्वतः घातला: घरटं दिसलं तर त्याची जागा लिहायची नाही. लोक कॅमेरे घेऊन तिथे गर्दी करतात, मग पाखरं घरटं सोडतात, असं तो म्हणाला.

स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याला हवं आहे. मी वर्षभर थांबवलं आहे. पहिल्या वर्षाचा दर बघून घेऊ नका, नूतनीकरणाचा बघा. बरेचदा तो दुसऱ्या वर्षापासून चढतो. घेईन तेव्हा माझ्या नावावर घेईन, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाला आपल्याकडे कायदेशीर करार करता येत नाही.

आज यादीत त्रेचाळीस पाखरं आहेत. आता त्याला ती ऋतूप्रमाणे चाळता यायला हवी आहेत, म्हणजे थंडी निवडली की फक्त थंडीतले पाहुणे दिसावेत. त्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीत जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली. व्हीएस कोड तेच, लॅपटॉप तोच.