हौद केवढा असावा

2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याच्या आसपास गल्लीबोळांतले गोठेही शहराबाहेर गेले. आमच्या आत्याचा गोठा मात्र आधीपासूनच सिमरोळच्या बाजूला. तिथं गेलेले पाहुणे गाई बघतात. मी हौद बघते.

हौद ही मोठेपणा मिरवायची गोष्ट. आतोबांनी बांधलेला हौद 2000 लिटरचा. गाई चार. दुभती गाय ऐन उन्हाळ्यात दिवसाला 80 ते 100 लिटर पिते, म्हणजे चौघींना 400 पुष्कळ. उरलेलं पाणी पुढचे चार दिवस उन्हात बसून राहणार. त्यात गाय पेंड खाऊन तशीच तोंड बुडवणार. लाळ, भुसा, सरकीचा चुरा सगळं तळाशी. ऊन आणि खुराक दोन्ही फुकट मिळाल्यावर शेवाळ कशाला हटेल?

गाय बिचारी बोलत नाही, नुसती कमी पिते. नाक पाण्याला टेकवते, फुर्र करते, दोन घोट घेऊन मान वळवते. गोठ्यातला भैया लगेच निकाल देतो, ‘फूंक दिया, अब नहीं पिएगी.’ दुधात 87 टक्के पाणीच असतं, तेव्हा हे संध्याकाळच्या धारेला कळतंच. मग पेंड बदला, डॉक्टर बोलवा, दृष्ट काढा! वरून पाणी निवळशंख दिसतं ना. भिंत चाचपली की बोटं बुळबुळीत.

आत्यानं शेवटी 400 लिटरचा छोटा हौद बांधून घेतला, गव्हाणीपासून लांब, कडुनिंबाखाली. (पानं पडतात, पण पान उचलून टाकता येतं, ऊन नाही.) तळाला उतार, बुडाशी भोक, भोकात चिंधीचा बोळा. बोळा ओढला की गढूळ पाणी पपईच्या आळ्यात जातं. खराट्यानं कोपरे घासायचे, पंधरवड्याला आतून चुन्याचा हात द्यायचा आणि वाळू द्यायचा. चुन्यानं शेवाळ दबतं, शिवाय पांढऱ्यावर हिरवं लगेच उठून दिसतं. अंड्यातून निघून उडायला डासाला आठवडा-दहा दिवस लागतात. इथलं पाणी दिवसभरात संपतं, तेवढी सवड त्याला मिळत नाही. मोठा हौद उपसायचा म्हणजे दोन गडी आणि अर्धा दिवस, म्हणून तो उपसलाच जात नसे.

‘मोरचूद टाका, घासायलाच नको’ असं सांगणारेही भेटतात. शेवाळ मरतं खरं, पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. याच हौदावर शेजारच्या मेंढ्या येतात, आणि मेंढीला तांबं जरा जास्त झालं तरी जिवावर बेततं. त्यापेक्षा खराटा बरा.

जुना हौद आतोबांना पाडवत नाही. त्यात आता भुसा भरतात. एवढा मोठा कशाला बांधला, असं कुणी विचारलं की ते सांगतात, ‘तेव्हा चाळीस गाई होत्या.’

‘सात,’ आत्या आतून म्हणते.