चिखलातले जायफळ

पुरणात घालण्यासाठी जायफळाची तयार पूड आणणे मला मुळीच पटत नाही. परवा दुपारी किसणीवर अर्धे जायफळ घासून झाले, तेव्हा त्याच्या कापासारख्या तुकतुकीत भागावरची तपकिरी नक्षी मी उगीचच निरखत बसलो. तशीच नक्षी, परंतु वासाचा पत्ता नसलेली, मी लहानपणी दोडामार्गाकडच्या एका राईत पाहिली होती.

ती राई देवाची होती. कडेला चपला काढायच्या, मोठ्याने बोलायचे नाही आणि आजीच्या शब्दांत "राईतली काडीसुद्धा घराक हाडूची नाय." आत शिरल्यावर प्रथम पायांना गार चिखल लागायचा. वैशाखातही न आटणारे पाणी झाडांच्या बुंध्यांतून हलकेच पाझरत असायचे आणि त्या चिखलातून जागोजागी वाकवलेल्या गुडघ्यांसारखी मुळे वर येऊन पुन्हा आत गेलेली असायची. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून ही झाडे मुळे बाहेर काढून श्वास घेतात, हे पुढे कळले. तेव्हा त्यांवर बसायची मनाई आहे, एवढेच ठाऊक होते. मावसभावाने एकदा तिथली बी खिशातून आणून फोडली. आजी रागावली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आंघोळ घालून ते तुकडे परत ठेवायला पाठवले.

ते रानजायफळ होते. आपल्या जायफळाचे मूळ घर इंडोनेशियातील बांदा बेटे. हे मात्र सह्याद्रीचेच, शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका, आणि आज संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे. दऱ्यांच्या तळाशी, बारमाही ओहोळांच्या काठी जी गोड्या पाण्याची दलदल असते, तिच्याबाहेर ते सहसा रमत नाही. केरळातल्या अशा सगळ्या दलदली मिळून दोन चौरस किलोमीटरही भरत नाहीत. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर येथे निरंकाराची राई आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील राईला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र 2.59 हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेसहा एकर.

इतक्या लहानशा जागेत एका जातीने संसार कसा करावा? त्यातून या झाडांत नर निराळा आणि मादी निराळी. बी वाळली की मरते, त्यामुळे ती डब्यात भरून पुढच्या पिढीसाठी ठेवण्याची सोय नाही. धनेशाने फळ गिळावे, बी कुठेतरी ओल्या जागी टाकावी आणि ती लगेच रुजावी, असा सारा मामला आहे. सपाट जमीन आणि बारा महिने पाणी मिळाले की माणूस तिथे भात लावतो किंवा सुपारीची बाग उठवतो. माझ्या आजोळच्या लोकांनीही तेच केले आणि त्यात त्यांचे फार चुकले, असे मला म्हणवत नाही. जे उरले ते बहुतेक देवाच्या नावावर होते म्हणून उरले. मी देवभोळा नाही. तरीही राईच्या तोंडाशी लावलेल्या सरकारी फलकापेक्षा आजीचा धाक मला अधिक भरवशाचा वाटतो. फलक वाचून कोणी बी परत नेऊन ठेवल्याचे मी ऐकलेले नाही.

एक गोष्ट मात्र त्या धाकाच्याही आवाक्याबाहेरची आहे. राई तगते ती पाण्यावर, आणि पाणी येते वरच्या डोंगरातून. दोडामार्ग तालुक्यात ठिकठिकाणी जंगल सपाट करून रबर लावले गेले आहे. माथ्यावरची झाडे गेली की खालचा ओहोळ आधी मार्चमध्ये आटतो, मग जानेवारीत. राईतल्या एकाही झाडाला कोयता न लावता राई संपू शकते. देवाची हद्द राईच्या कडेला थांबते. त्यावरचा डोंगर कोणा ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे.